प्रस्तावना : आधी लाकूड, मग करवत

सागाच्या मुलखात राहून बाकाच्या एका पट्टीपुरता साग मिळू नये, ही तक्रार दारव्ह्यात नवी नाही. यवतमाळ जिल्ह्याचं जंगल मुख्यतः सागाचं. घाटंजी, पांढरकवडा, उमरखेडकडे निघालं की पावसाळ्यात सुपाएवढी पानं आणि उन्हाळ्यात नुसते खराटे दिसत राहतात. आणि तरीही अंगणातल्या जुन्या बाकाची चार फुटांची पट्टी कुजली की घरधनी आरा मशीनवर जातो, जे हाताला लागेल ते घेऊन येतो, वाढई, म्हणजे सुतार, ते ठोकून देतो, आणि दोन पावसाळ्यांत नवी पट्टी धनुष्यासारखी वाकते. शेजारच्या जुन्या पट्ट्या मात्र तशाच सरळ. दोष जातो वाढ्याच्या माथी. हे पुस्तक त्या दोषाची फेरवाटणी करण्यासाठी लिहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की बाकाची दुरुस्ती निम्म्याहून अधिक लाकूड निवडतानाच ठरून जाते. करवत, रंधा, पटाशी यांची पाळी त्यानंतरची.

उघड्यावरचं बाक ही लाकडाची खरी परीक्षा. दाराला निदान चौकट आणि भिंत असते, पलंगाला छप्पर असतं. बाकाला मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि जुलैत आठ-आठ दिवसांची झड, दोन्ही सारख्याच खुल्या अंगानं घ्यावी लागतात. त्यात आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून बसते. बाकाचे पाय तिच्यात रुततात, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त रुतला की सगळ्या सांध्यांवर पीळ पडतो. बाक खिळखिळं होण्याची सुरुवात पुष्कळदा वरच्या लाकडात नसते, खालच्या मातीत असते. पायाखाली काळ्या दगडाची एक-एक चीप बसवली तर कितीतरी बाकांचं आयुष्य वाढेल. पण हा उपाय इतका स्वस्त आहे, की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

नव्यानं या विषयात शिरणाऱ्याला पहिल्यांदा शिकावं लागतं ते करडेपण आणि कुजणं यांतला फरक ओळखायला. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचा वरचा थर सुटतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि साग चंदेरी-राखाडी होतो. हा बदल मिलिमीटरभरही खोल नसतो. रंध्याचा एक हात फिरवला की खालून मधासारखा रंग वर येतो. कुजणं वेगळं. लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की बुरशीला घर मिळतं. ती जागा शोधायला दाभण पुरतं. पायाचा तळ, मागच्या पायात बैठकीची आडवी दांडी जिथं शिरते तो सांधा, स्क्रूची भोकं आणि पट्ट्यांच्या टोकांची खालची बाजू, एवढ्याच ठिकाणी ते टोचून पाहायचं. दाभण किंचित आत घालून तिरकं उचललं, की निरोगी लाकूड कट्कन आवाज करून लांब धागेदार सळ सोडतं. कुजलेलं लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यांत मोडून हातात येतं. दोन ठिकाणी हे करून पाहिलं की तिसऱ्या वेळी कोणाला विचारावं लागत नाही. लोक याच्या उलट वागतात. नुसतं करडं पडलेलं बाक भंगारात देतात, आणि आतून गेलेल्या बाकावर हिरवा ऑइल पेंट चढवून ओल आत कोंडतात.

उधईचीही तीच तऱ्हा. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे उधई गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. पण सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ते जवळपास नसतं. फळी काढताना कडेला दोन बोटं पांढरी राहिली असेल, तर उधई तेवढीच नेमकी खाते. रंगाचा पापुद्रा तसाच राहतो, आत पोकळी. ‘साग होता तरी उधई लागली’ असं म्हणणाऱ्याच्या बाकाची पट्टी उलटी करून पाहिली, तर दहात नऊ वेळा हाच प्रकार निघतो.

आता थोडं मागे जायला हवं. दुरुस्तीची आपली परंपरा बाकापेक्षा फार जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ 1915 मध्ये आलं. बलुतेदारीची व्यवस्था समजून घ्यायला आजही ते उघडावं लागतं. सुतार हा त्या व्यवस्थेतला मोठा मानकरी. वर्षभर शेतीची अवजारं दुरुस्त ठेवायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. वखर, डवरा, तिफण, बंडी यांतली कोणतीच वस्तू एका लाकडाची नसते. दणके खाणाऱ्या चाकाला बाभूळ. वाकून परत सरळ होणाऱ्या भागाला तिवस किंवा धावडा. तासायला हलका आणि ठरल्या आकारात राहणारा तो साग. बाभळीची लाकडं आधी कित्येक महिने तळ्यात नाहीतर डोहात बुडवून ठेवायची, म्हणजे आतला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा लागत नाही. कोणत्या कामाला कोणतं झाड, हे ज्ञान गावातल्या प्रत्येक वाढ्याजवळ होतं, आणि त्याची परीक्षा दरवर्षी मृगाच्या आत व्हायची.

बाक या व्यवस्थेत बाहेरून आलं. बसायला ओटा होता, पार होता, बाज होती. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मग कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि कापसामागोमाग रेल्वे आली. मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला एकेकाळी जाणारी शकुंतला, अवघ्या 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची, ही त्याच कापसाची लेक. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलं आणि 1994 पर्यंत धावलं. ते निभावलं ते दुरुस्त करणाऱ्या हातांमुळे, हेही सांगून ठेवतो. या नव्या जगाबरोबर पाठीचं आणि हाताचं बाक आलं, ते नमुन्यावरून बनवलेलं आणि बहुधा नखशिखान्त सागाचं. वाढ्याच्या हाती असलेलं ‘या भागाला हे, त्या भागाला ते’ हे शहाणपण तिथं कामाला लागलंच नाही. पुढं दुरुस्तीची वेळ आली तेव्हाही ते आठवलं नाही.

बाहेरच्या जगात सागाची कहाणी आधी जहाजांची आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ 1817 मध्ये पाण्यात उतरलं, आणि ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाहता येतं. जहाजांसाठी मलबारचा साग एवढा तुटला, की 1840 च्या दशकात कलेक्टर कॉनोलीनं निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. 1864 मध्ये डिट्रिश ब्रँडिस हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला. या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र जहाज मोडल्यानंतरचा आहे. लंडनमध्ये मिलबँकला कॅसल नावाची जहाजं मोडणारी कंपनी होती. युद्धनौकांमधून निघालेल्या सागाची ती बागेतली बाकं करून विकायची. समुद्रावर अर्धं शतक काढलेलं लाकूड बागेतल्या पावसाला काय भीक घालणार! सागी बाकाची विलायतेतली कीर्ती बऱ्याच अंशी अशी मोडीच्या मालावर उभी राहिली. जुनं लाकूड वापरणं म्हणजे गरिबीची तडजोड, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लाकडाचं शास्त्र आपल्याकडे डेहराडूनला वाढलं. 1878 मध्ये तिथं वनशाळा निघाली आणि 1906 मध्ये वन संशोधन संस्था. या संस्थेच्या एका चाचणीला ‘स्मशान चाचणी’ म्हणतात. निरनिराळ्या झाडांचे सारख्या मापाचे सोट जमिनीत अर्धे पुरून ठेवायचे आणि कोणता किती दिवस टिकतो ते पाहायचं. त्यावरून भारतीय मानकानं लाकडाचे तीन वर्ग पाडले : 120 महिने किंवा जास्त टिकणारं, 60 ते 120 महिने टिकणारं आणि 60 महिन्यांच्या आत संपणारं. सागाचा आणि बिज्याचा गाभा पहिल्या वर्गात. आंबा तिसऱ्यात. आकडे जमिनीत पुरलेल्या लाकडाचे असल्यानं बाकाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण क्रम लागू होतो. याच संस्थेत काम केलेल्या सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं लाकूड टिकवणारं मिश्रण शोधलं. जगभरचे खांब आणि कुंपणं त्यावर उभी राहिली. पुढं आर्सेनिकच्या भीतीनं अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं. जुन्या खांबाचं हिरवट झाक असलेलं लाकूड कोणी फुकट दिलं, तर बाकासाठी ते घेऊ नये. चुलीत तर मुळीच घालू नये.

दुरुस्ती किती आणि कशी करायची, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. एक पंथ आपल्या वाढ्यांचा : भाग बिघडला की तो अख्खा काढायचा आणि नवा बसवायचा. दुसरा पंथ वास्तुजतनवाल्यांचा. 1877 मध्ये विल्यम मॉरिसनं लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली तेव्हापासून तो जोरात आहे. या मंडळींचं सूत्र असं, की जुनं शक्य तेवढं राखावं, गेलेला भाग तेवढाच कापून नवा सांधावा, आणि नवं आहे हे लपवू नये. जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचा सूरही हाच. जपानात इसे इथलं देवस्थान मात्र दर 20 वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारतात. तिथं टिकवायचं असतं ते कसब. तिसरा पंथ अलीकडचा, इपॉक्सी भरणाऱ्यांचा. आणि चौथा, आमच्याकडे सध्या सत्तेवर असलेला, ‘काढा ते, सिमेंटचं बसवा’ म्हणणाऱ्यांचा. त्या बाकांवर कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ अशी अक्षरं असतात, आणि मे महिन्यात दुपारी तीनला त्यांवर बसून कोणाचंही स्मरण होण्याची सोय नसते.

माझा कल सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढच्या पानांचा रोख कळेल. बैठकीच्या आणि पाठीच्या पट्ट्यांना वाढ्यांचा मार्ग बरोबर. अर्धी पट्टी जोडण्यात काही हशील नाही. पण पाय आणि चौकट यांच्या बाबतीत जतनवाल्यांचं ऐकावं. पाय बहुधा खालचे चार-सहा इंचच कुजलेला असतो, आणि त्यापायी अख्खा पाय काढायचा तर वरचे तीन चांगले सांधे फोडावे लागतात. त्यापेक्षा कुजल्याच्या वर दोन इंच निरोगी लाकडात तिरका काप घ्यावा, तेवढाच तुकडा नवा बसवावा आणि आडव्या खुंट्या माराव्यात. कापाचा उतार असा ठेवावा, की पावसाचं पाणी सांध्यात न शिरता बाहेर ओघळेल. इपॉक्सीवर माझा राग नाही, पण ती लाकडाबरोबर फुगत-आकसत नाही. मग कडेला केसाएवढी फट पडते, पाणी तिथून आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेली लांबी तर पहिल्या झडीतच सुटते.

आता लाकडाकडे. इथं हे पुस्तक जास्त वेळ थांबतं, आणि प्रस्तावनेनंही थांबायला हरकत नाही. दारव्ह्यात बसून बाकासाठी साग शोधायचा तर तीन वाटा आहेत. पहिली वाट वखारीची. चंद्रपूर, बल्लारपूर, आलापल्ली या पट्ट्यातला साग बाजारात अजून ‘सीपी साग’ म्हणून ओळखला जातो. सीपी म्हणजे मध्य प्रांत हे राज्य 1950 मध्येच नाव बदलून बसलं, पण लाकडाच्या बाजारात ते टिकून आहे. घट्ट रेषांचा, गडद पट्ट्यांचा हा माल उत्तम आणि तसाच महाग. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये इथूनच सागवान गेलं. बाकाच्या तीन पट्ट्यांसाठी मात्र कोणी घनफुटाचा सौदा करत नाही.

दुसरी वाट बांधावरच्या सागाची. शेतकऱ्यानं वीसेक वर्षांपूर्वी लावलेलं झाड तो विकायला काढतो. या लाकडाची बदनामी जरा जास्तच झाली आहे. झाड लहान म्हणून गाभा कमी आणि पांढरी जास्त, हे खरं. पण पांढरी पूर्ण तासून काढली, तर उरलेला गाभा बाकाला चालतो. अडचण ओलीची आहे. ओल्या सागाची चार इंची पट्टी वाळताना दोन-तीन मिलिमीटर आत येते. लाकूड वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं आकसतं. बरंचसं वाकणं या फरकातून येतं. म्हणून पट्टी घेताना टोक पाहावं. टोकावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती पट्टी सरळ राहील. कमानीसारख्या आडव्या दिसल्या तर ती पन्हळीसारखी वळेल. दुकानदार फळीची रुंद बाजू दाखवतो, कारण नक्षी तिथं छान दिसते. गिऱ्हाइकानं टोक मागावं. आणि लाकूड वाळवायचं ते सावलीत, खाली पट्ट्या देऊन, टोकांना शेण किंवा उरलेला ऑइल पेंट फासून. वैशाखाच्या उन्हात टाकलं तर टोकं आठवड्यात फाटतात. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब आमच्या कोरड्या हवेत थोडा सैल धरता येतो, सोडून देता येत नाही.

तिसरी वाट मोडलेल्या घरांची, आणि ती मला सर्वांत जवळची. जुन्या माळवदाच्या किंवा दुमजली घरातली तुळई, चौकट, खिडकीचा गज-पाट हे लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं. त्याला आता आकसायला काही उरलेलं नाही. ते मोठ्या झाडांचं आहे, त्यात पांढरी नावाला नाही, आणि बाकाच्या जुन्या पट्ट्यांशी रेषा आणि रंग दोन्ही जुळतात. खिळे शोधून काढायला चुंबक लागतो, आणि पहिल्या करवतीला वाढई शिव्या घालतो. सागातल्या वाळूसारख्या कणांनी हत्यार तसंही लवकर बोथट होतं. तेवढं सोसलं पाहिजे.

सागच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पायाच्या सांध्याला बिजा चांगला. खुंट्यांना आणि पाचरींना वाळलेली बाभूळ सागापेक्षा सरस. कडुनिंब किडीला दाद देत नाही, पण पिळतो, म्हणून आखूड तुकड्यांनाच घ्यावा. धावडा ताकदीला दांडगा, पण ओल्या जमिनीशी त्याचं जमत नाही. आंबा, सालई आणि निलगिरी यांना बाकापासून लांब ठेवावं. नियम असा धरावा, की नवं लाकूड जुन्याहून फार कठीण नसावं. कठीण तुकडा फुगला की फाटतं ते शेजारचं मऊ, जुनं लाकूड. बाभळीचा संबंध आला की लोखंडी खिळाही टाळावा. तिच्यातल्या तुरट अंशाशी लोखंड भेटलं की काळे ओघळ येतात आणि खिळा झिजतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. सागाला सरस लावण्याआधी जागा थिनरनं पुसावी, कारण अंगच्या तेलामुळे सागाला काहीच नीट चिकटत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण काय, असं विचारलं जाईल. 1988 चं वनधोरण आणि 12 डिसेंबर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनंतर जंगलातून येणारं लाकूड आटलं. ते योग्यच झालं. आरा मशिनींवर नजर आली. साग हे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यातलं अनुसूचित झाड आहे. तेव्हा बांधावरचं स्वतःचं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा परवाना लागतो. दुसरीकडे जुनी घरं झपाट्यानं मोडत आहेत, आणि त्यांचं लाकूड गावात न थांबता मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या सजावटीला जातं. वाढ्यांची पुढची पिढी प्लायवूड आणि सनमायकाच्या कामात गेली आहे. त्यात पैसा लवकर मिळतो, आणि त्यांना नावं ठेवण्याचा हक्क मला नाही. पण सांध्याला कुसू कापता येणारा माणूस, मुरलेलं लाकूड आणि दुरुस्तीजोगं बाक, ही तिन्ही एकाच गावात सापडण्याचा काळ फार उरलेला नाही.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. ते बाक नव्यानं बनवायला शिकवत नाही. कोरीव काम, लोखंडी बाजूंची ओतीव बाकं आणि वेताचं विणकाम असलेली आसनं यांना त्यात जागा दिलेली नाही. त्यात आहे ते तपासणं, निवडणं, वाळवणं, सांधणं आणि नंतर दरवर्षी काय करायचं ते. मापं मुद्दाम इंच-फुटांत ठेवली आहेत. आरा मशीनवर अजून तीच भाषा चालते. चित्रं जिथं हाताची पकड दाखवायला हवी तिथंच दिली आहेत. नवख्यानं पहिल्यांदा लाकडाची प्रकरणं वाचावीत आणि सांध्यांकडे नंतर यावं. हात बसलेल्या वाढ्यानं सांध्यांची प्रकरणं खुशाल ओलांडावीत, त्याला तिथं नवं काही मिळणार नाही.

एका प्रकरणावरून मात्र वाद होणार हे मी धरून चाललो आहे, ते तेल-रंगाचं. जवस हे विदर्भाचं जुनं पीक, आणि लाकडाला जवसाचं तेल पाजणं ही इथली जुनी रीत. पुस्तकात मी उघड्यावरच्या बाकाला कच्चं जवसाचं तेल लावू नका असं लिहिलं आहे, कारण ते लवकर सुकत नाही आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. उकळलेलं, पातळ केलेलं तेल टोकांना आणि पायाच्या तळाला मुरवावं, बाकी साग उघडा सोडून करडा होऊ द्यावा, असं माझं मत. बिब्ब्याच्या तेलाचा आग्रह धरणारे जुने लोकही आहेत. त्यांचं तेल उधईला रोखतं याबद्दल मी वाद घालणार नाही, पण त्या बाकावर बसणाऱ्याच्या अंगावर ते उतलं तर जबाबदारी कोणाची, एवढं त्यांनी आधी सांगावं.